बियांची आंघोळ

एका गावात एक भोळी सून होती. तिचं नाव बकुळा.

लग्नात पाठवणीच्या वेळी तिच्या मोठ्या काकूनं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाई गं, सासरी मोठ्यांनी सांगितलं की करायचं. का म्हणून विचारायचं नाही. पदराला गाठ मारून ठेव."

बकुळेनं तिथल्या तिथे शालूच्या पदराला गाठ मारली. चांगली सुपारीएवढी. आजूबाजूच्या बायका हसल्या. काकू हसली नाही. ती म्हणाली, "पोर ऐकणारी आहे. नांदेल."

सासरी आल्यावर बकुळा रोजच्या साडीच्या पदरालाही तशीच गाठ मारू लागली. साडी बदलली की गाठ पुन्हा मारायची. विसरायला नको.

सासरचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. घरात मामंजी, म्हणजे तिचे सासरे. ते सांगत. मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्या तेच पुन्हा मोठ्यानं सांगत. आणि नवरा मुरली. मुरलीला कशाबद्दल काही मत नव्हतं. मत व्हायला आधी का म्हणून विचारावं लागतं, आणि ते त्या घरात तीन पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं.

या घरचं एक वांगं होतं. तसं वांगं आसपास कुणाकडे नव्हतं. जांभळं, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे, आणि भाजलं की लोण्यासारखं मऊ. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. त्यातलं भरीत याच वांग्याचं. सगळा चातुर्मास वांगं वर्ज्य करून बसलेलं गाव त्या भरताची वाट बघत असे.

पण गेल्या वर्षी वाफ्यातल्या रोपांवर रोग आला. सकाळी बोटभर उभी असलेली रोपं संध्याकाळी माना टाकून आडवी. एकही वाचलं नाही. देवासाठी शेजारच्या गावातून विकतची वांगी आणावी लागली. भरीत झालं. पण पंगतीला बसलेल्या भावकीनं पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मामंजींना वर्षभर दिसत होतं.

आता त्या वांग्याचं बी उरलं होतं मूठभर. एका लहानशा सुकवलेल्या भोपळ्यात भरून ते आढ्याला टांगलं होतं. ते गेलं की वांगं गेलं.

शिवाय बी सुनेच्याच हातून मातीत जायचं, अशी त्या घरची रीत होती. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

एक दिवस मुरली बाजारातून ऐकून आला, की रोग बियांच्या अंगावर बसूनच येतो. पेरायच्या आधी बियांना गरम पाण्याची आंघोळ घालावी लागते.

मामंजींनी विचार केला. म्हणाले, "आधी साध्या बियांवर सूनबाईचा हात बसू दे. मग भोपळा उतरवू."

त्यांनी घेवड्याचं बी काढून बकुळेपुढे ठेवलं. "हे गरम पाण्यातून काढ. यातला रोग मेला पाहिजे."

गरम म्हणजे किती गरम? बकुळेनं तोंड उघडलं. मग पदराची गाठ हाताला लागली. तिनं तोंड मिटलं.

तिनं पातेलं चुलीवर चढवलं. पाण्याला उकळी आली. बी टाकलं. रोग किती वेळात मरतो हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं लाकडं सारून जाळ वाढवला. बऱ्याच वेळानं एक दाणा काढून बोटांत दाबला. दाणा मऊ झाला होता. यात आता कुठला रोग जिवंत राहतोय, असं म्हणून तिनं पातेलं उतरवलं आणि ती पाणी आणायला गेली.

आत्याबाई चुलीपाशी आल्या. बघतात तर घेवडा शिजून तयार. सून कामाची आहे म्हणायची, असं पुटपुटत त्यांनी लसणीची फोडणी दिली.

दुपारी मामंजींनी उसळ दोनदा मागून घेतली. "आज उसळ छान झालीय. कशाची गं?"

"बियाण्याची, मामंजी."

"कुठल्या बियाण्याची?"

"तुम्ही सकाळी दिलेल्या."

मामंजींचा हात ताटातच राहिला.

"आणि रोग?" मुरलीनं विचारलं.

"मेला," बकुळा म्हणाली.

मामंजी ताटावरून उठले. "अगं, शिजवायचं नव्हतं! पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. आधी बोट बुडवून बघायचं! मार गाठ पदराला!"

बकुळेनं दुसरी गाठ मारली.

दोनच दिवसांनी मामंजींनी शेतीखात्यातल्या साहेबांना घरी बोलावलं. बियांचं नीट विचारून घ्यावं म्हणून. साहेब तरुण होते, ओसरीवर खुर्चीत अवघडून बसले होते. आत्याबाईंनी आतून आवाज दिला, "सूनबाई, चहा ने बाहेर. गरम आहे, सांभाळून."

गरम म्हटल्यावर बकुळा सावध झाली. ती ट्रे घेऊन बाहेर आली, साहेबांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या कपात बोट बुडवलं. चटका बसला. तिनं बोट काढलं, कपात फुंकर घातली, पुन्हा बुडवलं. पुन्हा फुंकर. पुन्हा बोट. शेवटी तिचं समाधान झालं. मग मामंजींचा कप. मग मुरलीचा.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "आता सोसतोय."

साहेबांनी कपाकडे बघितलं. "मी... हल्ली चहा कमी केलाय."

मामंजींनीही कमी केला. तिन्ही कप मुरलीनं प्यायले.

"खाण्यापिण्याच्या जिनसेत बोट घालायचं नाही!" मामंजी दातओठ खात म्हणाले. बकुळेनं तिथेच उभ्या उभ्या गाठ मारली. साहेब बघत राहिले.

मग साहेबांनी घसा साफ केला. "तर, बी गरम पाण्यातून काढलं की सावलीत वाळवायचं. त्याचं कारण असं, की—"

मामंजींनी हात वर केला. "साहेब, कारण राहू द्या. काय करायचं तेवढं सांगा. आमच्या घरात कारण लागत नाही."

साहेबांनी एकदा बकुळेच्या लाल झालेल्या बोटाकडे बघितलं. "सावलीत," ते म्हणाले. "ऊन अजिबात लागू द्यायचं नाही." आणि चप्पल घालून निघून गेले.

"ऐकलंस ना, सूनबाई?" मामंजी म्हणाले. "वाळवायचं ते सावलीत."

ऐकलं होतं. गाठही मारली.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी उडदाचे पापड घातले. गल्लीतल्या बायका लाटायला आल्या होत्या. दिवसभर लाटून लाटून सगळ्यांचे खांदे भरून आले. आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, हे तेवढे वाळत घाल. मी जरा आडवी होते."

बकुळेनं घरातली सावली शोधली. पलंगाखाली सावली होती. कणगीच्या मागे होती. देव्हाऱ्याच्या खाली तर गारेगार सावली होती. जिथे जिथे सावली तिथे तिथे तिनं पापड मांडले. एका पापडावर कौलाच्या फटीतून कवडसा पडत होता, तर तिनं तिथे सूप उभं केलं.

चार दिवसांनी आत्याबाईंनी पापड बघायला मागितले. पापडांना मिशा फुटल्या होत्या. काहींच्या पांढऱ्या, काहींच्या हिरव्या.

"अगं बये!" आत्याबाई मटकन खाली बसल्या. "वाळवण कधी सावलीत घालतात का? पत्र्यावर घालायचं! कडकडीत उन्हात! खडखड वाजेपर्यंत! मार गाठ!"

बकुळेनं गाठ मारली. मग ती दोन्ही गाठी हातात घेऊन बसली. एक गाठ म्हणत होती सावलीत. दुसरी म्हणत होती उन्हात. दोन्ही मोठ्यांनी सांगितलेल्या. पण दुसरी नवी होती. नवी धरावी, असं तिनं ठरवलं.

मग मामंजींनी काकडीचं बी दिलं. "या वेळी नीट आंघोळ घाल."

बकुळेनं पाणी तापवलं. बोट बुडवणार, तेवढ्यात थबकली. खाण्यापिण्याच्या जिनसेत बोट घालायचं नव्हतं. बी ही खाण्याची जिन्नस आहे का? घेवड्याचं तर सगळ्यांनी खाल्लं होतं. तिनं मुरलीला हाक मारली.

"अहो, तुमचं बोट द्या जरा."

मुरलीनं बोट दिलं. कशाला, ते विचारलं नाही. बकुळेनं ते पाण्यात बुडवलं.

"सोसतंय?"

"सोसतंय."

बियांची आंघोळ अगदी हवी तशी झाली. मग बकुळेनं शिडी लावली, ती गोठ्याच्या पत्र्यावर चढली आणि बी पसरून आली. वैशाखातलं ऊन. पत्र्यावर पाय ठरत नव्हता. संध्याकाळी तिनं एक बी कानाशी नेऊन हलवलं. वाजलं. तिनं सगळं बी गोळा करून मामंजींपुढे ठेवलं.

मामंजींनी एक दाणा नखानं सोलला. आतून तो खरपूस तपकिरी होता. "हे कुठे वाळवलंस?"

"पत्र्यावर."

मुरलीनं थोडं तोंडात टाकून बघितलं. म्हणाला, "थोडं मीठ पाहिजे होतं."

"पापड उन्हात!" मामंजी ओरडले. "बी सावलीत! पापड उन्हात, बी सावलीत! मार!"

बकुळेनं मारली. ही गाठ मात्र तिला आवडली. पापडाचं वेगळं आणि बियाचं वेगळं, असं पहिल्यांदाच कुणीतरी फोड करून सांगितलं होतं. तिला वाटलं, सगळंच असं सांगितलं तर किती बरं होईल. पण तसं वाटून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

मृग लागला. मामंजी टोमॅटोचं बी घेऊन आले. साहेबांना रस्त्यात गाठून ते एक नवी गोष्ट शिकून आले होते. "बी पाण्यात टाकायचं आणि ढवळायचं. तरंगेल ते फेक, बुडेल ते ठेव. कळलं? तरंगणारं पोकळ. रोगट."

बकुळेनं गाठ मारली आणि सांगितलं तसं केलं. मुरलीचं बोट बुडवलं, बी बुडवलं, तरंगलं ते फेकलं, बुडालं ते सावलीत वाळवलं, पेरलं. टोमॅटोची रोपं अशी टरारून आली की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. मामंजी खूश झाले. आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं, की आमची सून शिकली हो.

आणि आखाड आला.

आखाडात घरोघर तळण करतात. मामंजींनी भावकीतल्या चार मोठ्या माणसांना जेवायला बोलावलं. वांग्याची रोपं यंदा कशी होणार, ते त्यांना ऐकवायचं होतं. आत्याबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ मळून दिलं आणि त्या पानं मांडायला गेल्या.

बकुळेनं पहिली पुरी तेलात सोडली. पुरी तळाला गेली. चांगली भरीव पुरी आहे, असं बकुळेला वाटलं. एवढ्यात पुरी टम्म फुगली आणि वर आली. तरंगायला लागली.

बकुळा दचकली. पोकळ! तिनं झाऱ्यानं पुरी काढली आणि म्हशीच्या बादलीत टाकली.

दुसरी सोडली. तीही फुगली. तिसरीही. बकुळेला घाम फुटला. घरात एवढं रोगट पीठ आलं कुठून? पण तिनं धीर सोडला नाही. एकेक पुरी तळली, एकेक बादलीत टाकली. शेवटी पिठाच्या गोळ्यात जरा खडा होता तेवढ्या दोन पुऱ्या फुगल्या नाहीत. तळाशी बसून काळ्या झाल्या. बकुळेला हायसं वाटलं. त्या तिनं ताटात घातल्या आणि बाहेर नेल्या.

"पुऱ्या कुठायत?" भावकीतले भिकाजी अण्णा म्हणाले. हे सगळ्यांत वडील.

"या बुडाल्या त्या," बकुळा म्हणाली. "बाकीच्या सगळ्या पोकळ निघाल्या."

भावकीनं एकमेकांकडे बघितलं. गेल्या चंपाषष्ठीला बघितलं होतं, तसंच.

मुरली पंगतीत नव्हता. तो गोठ्यात होता. म्हशीनं त्या संध्याकाळी कडबा खाल्ला नाही, आणि मुरलीनं भाकरी.

पाहुणे गेल्यावर मामंजींचा आवाज वेशीपर्यंत गेला. "अगं, फुगून वर येतं ते चांगलं! वर येतं ते ठेवायचं! तळाशी बसलं ते वाया गेलं, ते फेकायचं! मार गाठ!"

बकुळेनं गाठ मारली. एवढ्या गाठींनी पदर आखूड झाला होता.

"डोक्यावरून पदर घे," आत्याबाई म्हणाल्या. "मोठी माणसं समोर आहेत."

"पुरत नाही, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी भोपळा उतरवला.

घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत्याबाईंनी भोपळ्याला हळदकुंकू लावलं. मामंजींनी बी बकुळेच्या ओंजळीत ओतलं. ती ओंजळसुद्धा नीट भरली नाही. "एवढंच आहे," ते म्हणाले आणि ओसरीवर जाऊन पाठमोरे बसले.

बकुळेनं पाणी तापवलं. मुरलीचं बोट सोसतंय म्हणालं. तिनं बी पाण्यात सोडलं, ढवळलं, आणि वाट बघितली.

बहुतेक बी बुडालं. थोडंसं, फिकट, वर तरंगत राहिलं.

बकुळेनं पदर हातात घेतला. एक गाठ म्हणत होती, तरंगेल ते फेक. तिच्या पुढची म्हणत होती, वर येतं ते चांगलं. पापडाचं आणि बियाचं वेगळं, हे मामंजींनी फोडून सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. टोमॅटो आठवले. पुऱ्या आठवल्या. घशापर्यंत एक शब्द आला. दोनच अक्षरांचाही नव्हता तो, एकाच अक्षराचा होता.

ती ओसरीवर गेली. "मामंजी..."

"काय?"

"ते तरंगतं ते..."

"काल सांगितलं ना!" मामंजी मागे न वळताच म्हणाले. "एकदा सांगितलं की सांगितलं. कर जा."

ती परत आली. नवी गाठ धरायची, हे तिचं ठरलेलं होतं. तरंगणारं बी तिनं हलक्या हातानं वेचलं आणि सावलीत फडक्यावर पसरलं. बुडालेलं बी त्या कोमट पाण्यासकट उचललं, आणि गोठ्यामागे कडुनिंबाखाली उकिरडा होता, त्यावर नेऊन ओतलं.

बी वाळलं तसं तिनं ते वाफ्यात पेरलं. काहीच उगवलं नाही. मामंजी रोज सकाळी वाफ्याशी उकिडवे बसत. गवत आलं. तेही उपटून झालं. शेवटी त्यांनी बकुळेला बोलावलं.

"बी नीट टाकलं होतंस ना?"

"हो मामंजी. तरंगलेलं सगळं टाकलं."

"तरंगलेलं?" मामंजींचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि बुडालेलं?"

"फेकलं. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं."

मामंजी वाफ्याच्या कडेला खालीच बसले.

"अहो," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "ते तुम्ही पुऱ्यांचं सांगितलं होतं."

"मी काय सांगितलं ते मला सांगू नका!" मामंजी उठले. "मुरली, या चंपाषष्ठीला घरच्या वांग्याचं भरीत झालं नाही, तर त्याच दिवशी हिला माहेरी पोचवून यायचं. सूनबाई, गाठोडं बांधून ठेव!"

बकुळेनं त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं आणि दाराशी ठेवलं. ती उंबऱ्यात बसून त्याच्याकडे बघत राहिली. मोठ्यांनी सांगितलेलं एकही काम तिनं टाळलं नव्हतं. तरी गाठोडं बांधावं लागलं. यात कुठेतरी चूक होती, पण कुठल्या गाठीत, ते तिला सापडेना.

गाठोडं दाराशीच राहिलं. येता-जाता सगळे त्याला अडखळत. उचलून ठेव, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

श्रावणात मामंजी एकदा म्हैस बघायला गोठ्यामागे गेले आणि तिथेच थांबले. उकिरड्यावर, कडुनिंबाच्या सावलीत, वांग्याची रोपं उभी होती. दाट, हिरवीगार, ताठ मानेची. एकही आडवं नाही. बियांची आंघोळ अगदी हवी तशी झाली होती. बुडालेलं, भरीव बी होतं. ऊन लागलं नव्हतं. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं होतं. फक्त पेरायचं ते फेकलं होतं.

"अगं बाई!" आत्याबाईंनी हात जोडले. "आपलंच आहे हो! पान बघा, देठ बघा!"

मामंजींनी आधी भोवती बघितलं. कुणी नव्हतं. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "देवाच्या वांग्याचं बी उकिरड्यावर पडलं, हे भावकीला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सूनबाई! ही सगळी उपट आणि मातीत गाड. माझ्या डोळ्यांसमोर नकोत."

"अहो, पण रोप चांगलं आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"सांगितलं ते करायचं."

बकुळेनं रोपं उपटली. अलगद उपटली, कारण जोरात उपट असं सांगितलं नव्हतं. डोळ्यांसमोर नकोत म्हणून ती विहिरीच्या पलीकडे, केळीच्या मागे घेऊन गेली. मामंजींचे गुडघे तिथवर जात नव्हते. मग गाडायला बसली. गाडायचं ते किती, हे मामंजींनी सांगितलं नव्हतं. रोप मातीत गाडताना तिनं आजवर एकाच पद्धतीनं बघितलं होतं, मुळं आत आणि शेंडा बाहेर. तसंच गाडलं. ओळीनं गाडलं. रोप गाडलं की पाणी घालतात, हेही तिनं बघितलेलं होतं. ते घातलं. मग रोज घालत राहिली, कारण थांब असं कुणी म्हणालं नाही.

मुरलीनं एकदा बघितलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तोही एक घागर घेऊन आला.

चंपाषष्ठी उजाडली. मामंजी सकाळी म्हणाले, "मुरली, शेजारच्या गावातून वांगी आण. आणि येताना गाडी सांगून ये. हिला संध्याकाळी पोचवायचंय." दोन्ही गोष्टी सांगताना त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही.

मुरली पिशवी घेऊन निघाला. बकुळा गाठोड्याशेजारी उभी होती.

"वांगी विहिरीपलीकडे आहेत," ती म्हणाली.

मुरली लवकर परत आला. गाडी सांगायला तो विसरला होता. निदान तो तसं म्हणाला.

वांगी निखाऱ्यांवर भाजली. भरीत झालं. रोडगे झाले. देवाला नैवेद्य दाखवला, आणि येळकोट येळकोट करून पंगत बसली. बकुळा भरीत वाढत गेली. भिकाजी अण्णांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"आबा," ते मामंजींना म्हणाले, "हे तर तुमच्या घरचं वांगं."

मामंजींनी चमकून घास तोंडात घातला. तो घास त्यांनी किती वेळ तरी गिळलाच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची फार नव्हती.

"सूनबाई," ते म्हणाले. "भरीत छान झालंय. कशाचं गं?"

"आपल्या वांग्याचं, मामंजी."

"कुठल्या?"

"उकिरड्यावर उगवलं होतं ते. तुम्ही गाडायला सांगितलं. गाडलं."

पंगतीतले सगळे हात थांबले. भिकाजी अण्णांनी पानाकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे.

"देवानं खाल्लं," आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आधी देवानंच खाल्लं."

अण्णांनी आणखी थोडं भरीत मागितलं.

बकुळेनं त्यांना वाढलं, पातेलं खाली ठेवलं आणि दाराशी जाऊन गाठोडं सोडलं. भरीत झालं होतं. लुगडी-पोलकी तिनं आत फळीवर नेऊन ठेवली. येताना पडवीतल्या सावलीत टांगलेली चार मोठी, पिकून पिवळी झालेली वांगी घेऊन आली आणि रिकाम्या भोपळ्याशेजारी ठेवली.

"हे काय?" मामंजींनी विचारलं.

"बियाला ठेवलीयत."

भावकी ऐकत होती. उकिरडा हा शब्द अजून पंगतीवरून हलला नव्हता. मामंजी ताठ बसले. "झालं ते झालं. देवानं गोड मानून घेतलं. पण उकिरड्यावरचं बी या घराच्या भोपळ्यात जाणार नाही. ती फळं आत्ताच्या आत्ता म्हशीला टाक."

आत्याबाईंनी मान खाली घातली. मुरलीनं घास खाली ठेवला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

बकुळेनं पिवळ्या वांग्यांकडे बघितलं. तेवढंच बी होतं. जगात कुठेच दुसरं नव्हतं. मग तिनं पदर हातात घेतला आणि एकेका गाठीवरून बोट फिरवलं. नव्या गाठीवरून जुन्या गाठीवर, मागे मागे, काकूनं मारायला लावलेल्या अगदी पहिल्या गाठीपर्यंत. तिथे बोट थांबलं. का म्हणून विचारायचं नाही, असं तिथे होतं; नाही म्हणायचं नाही, असं कुठल्याच गाठीत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाही टाकणार."

त्या घरात हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, हे मामंजींना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी भिकाजी अण्णांकडे बघितलं. अण्णांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी मामंजींच्या तोंडून, तीन पिढ्यांत पहिल्यांदा, तो शब्द निघाला.

"का?"

बकुळेनं त्यांच्याकडे नवलानं बघितलं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला एवढं साधं ठाऊक नसावं, याचं तिला वाईट वाटलं. ती जवळ गेली आणि समजुतीनं, हळू आवाजात म्हणाली,

"मामंजी, का म्हणून विचारायचं नाही. उपरण्याला गाठ मारून ठेवा."

मग तिनं पिवळी वांगी भोपळ्याशेजारी नीट लावली आणि भरताचं पातेलं उचललं.